बाबांची काळी चार

विरारच्या मनवेलपाड्यात माझ्या वडिलांचं आडनाव विचारलंत तर चार जण चार सांगतील, पण ते कुठल्या पट्टीत गातात हे शेंबडं पोरही बिनचूक सांगेल. काळी चार. पेटीवरची जी पट्टी बुवा 'सा' म्हणून धरतो ती त्याची पट्टी, आणि काळी चार ही पुरुषाच्या गळ्याला चांगलीच उंच. बाकीचे गाणारे काळी एक, काळी दोनवर सुखाने आयुष्य काढतात. कोकणातल्या भजनीबुवांना ते चालत नाही. आमच्यात बुवा किती उंचावरून गजर उचलतो यावर त्याची पत ठरते, आणि 'बुवा उतरले' हे शब्द ऐकण्यापेक्षा बुवाला अंगात ताप परवडतो.

बाबा मालवणकडचे. मुंबईत एका छापखान्यात नोकरी केली, मनवेलपाड्यात आधी चाळीतल्या खोलीत राहिले, मग त्याच जागेवर बिल्डिंग उभी राहिली तेव्हा चौथा मजला पदरात पडला. लिफ्ट नाही. गाव सुटलं, पण भजन सुटलं नाही. चाळीतल्या मालवणी बिऱ्हाडांनी मिळून जे भजनी मंडळ काढलं ते आजही आहे, आणि गणपतीत आसपासच्या घरांत त्याला बोलावणी असतात. त्या मंडळाचे बुवा पहिल्यापासून बाबाच.

आणि मी त्या मंडळाची पखवाजी. हे लिहिताना माझी मान आजही ताठ होते, होऊ द्या. आधीचे पखवाजी जूचंद्रला राहायला गेले आणि ऐन गणपतीच्या तोंडावर मंडळ अडलं. मी तेव्हा शाळेत होते, आणि घरी पखवाज बडवून शेजाऱ्यांच्या शिव्या खाण्यात बऱ्यापैकी पुढे गेले होते. बाबांनी मला सरळ बैठकीत बसवलं. कुजबूज झाली, पोरीच्या हातात पखवाज? बाबा म्हणाले, "पखवाजाक इचारा. तेका काय हरकत नसली तर माका पण नाय." मग त्या गणपतीत मी असा काही ठेका धरला की कुजबूज करणाऱ्यांच्या बायका मला पेढे द्यायला आल्या. आता मी विरारच्याच एका शाळेत गणित शिकवते, लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहते, आणि बाबांच्या उजव्या हाताला बसायची जागा मात्र मी कुणाला दिलेली नाही.

पखवाज हे वाद्य बुवाच्या मर्जीने चालतं. बुवा जी पट्टी सांगेल तिच्यात त्याची उजवी बाजू लावायची. त्याच्या अंगावर चामड्याच्या वाद्या ताणलेल्या असतात आणि त्यांत लाकडी गठ्ठे अडकवलेले असतात. हातोडीने गठ्ठे खाली ठोकले की कातडं ताणून आवाज चढतो, वर ठोकले की उतरतो. डाव्या बाजूला ओली कणीक थापायची, म्हणजे भरदार घुमतं. ती कणीक माझी आई मळून देते, मीठ नाही, तेल नाही, आणि पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट. भजन झालं की खरवडून गाईला. एवढं सगळं सांगायचं कारण इतकंच, की बाबांचा सूर कुठे आहे हे या जगात सगळ्यांत आधी माझ्या हाताला कळतं.

गेल्या वर्षी शिमग्याच्या थोडं आधी, तांदळाची गोणी चौथ्या मजल्यावर नेताना बाबांच्या छातीत कळ आली. वसईच्या एका हॉस्पिटलात तपासणी झाली. हृदयाला रक्त देणारी एक मोठी वाहिनी आतून अरुंद झालेली निघाली. मनगटातून बारीक नळी घालून तिथे स्टेंट बसवला. आमच्याकडे स्टेंट कुणी म्हणत नाही, स्प्रिंग म्हणतात. ती बसली आणि बाबा आठवडाभरात घरी आले.

आल्यावर त्यांचा रुबाब काय वर्णावा. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मनगटावरचा एवढासा डाग दाखवून ते म्हणायचे, "हयसून आत गेले आणि काळजापर्यंत पोचले. आता आत स्प्रिंग आसा." जणू काही स्प्रिंग त्यांनीच स्वतः दुकानात जाऊन निवडून आणली होती. त्या वर्षीच्या गणपतीत त्यांनी काळी चारवरून असा गजर उचलला की पलीकडच्या बिल्डिंगमधले लोक गॅलरीत आले. माझे हात भरून आले, पण मी ठेका सोडला नाही. मला त्या दिवशी वाटलं, आता आपल्याला कुणाची भीती नाही.

निघताना डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, रस्ता मोकळा झालाय. दोन, साखर सांभाळा, आणि पूर्वीसारखा त्रास परत जाणवला तर एक दिवसही थांबू नका. पहिली गोष्ट आम्ही मनवेलपाडाभर वाटली. दुसरी हॉस्पिटलच्या दारातच राहिली. एकदा स्प्रिंग बसली की माणूस जन्मभरासाठी दुरुस्त झाला, अशी आमच्या सगळ्यांची पक्की समजूत होती. शेजारच्या काकू आगाशीच्या बाजारातून सुकेळी आणायच्या, ती वाळवलेली राजेळी केळी, मधासारखी गोड. बाबांना मधुमेह. तरी त्यांच्या उशीखाली सुकेळी गुंडाळतात ते केळीचं पान सापडायचं, आणि विचारलं तर म्हणायचे, "माका काय होना नाय आता."

या वर्षी आषाढात तालमी सुरू झाल्या. रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात आम्ही बसतो. मी सवयीने पखवाज काळी चारला लावून नेला होता. बाबांनी पेटी उघडली, जराशी वाजवली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आज पांढरी पाच घे."

पांढरी पाच म्हणजे काळी चारच्या लगेच खालची पट्टी. मी हातोडी काढली, गठ्ठे थोडे वर ठोकले. झांजवाल्या काकांनी भुवई उचलली. हे काका बाबांच्या गावचे, बालपणापासूनचे मित्र, आणि जीभ अशी खारट की लोणच्यात मीठ कमी पडलं तरी चालेल. "काय बुवा?" त्यांनी विचारलं.

"पावसाळी हवा आसा. पेटीचो सूर बसलो हा," बाबा म्हणाले.

पावसाळ्यात पेटी रुसते हे खरं आहे. सगळ्यांनी मान डोलावली. पण दोन-तीन तालमींनंतर बाबा म्हणाले, "काळी तीन." आता ही आणखी खाली. एवढ्या उतरत्या सुराला माझ्या पखवाजाचं कातडं ढिलं पडून भदभद वाजायला लागलं, आणि काकांना विषय मिळाला. "चेडवा, तुजो पखवाज दमलो. पुडी बदल. तुज्या पखवाजामुळे बुवांका वर जावक येना नाय."

माझ्या नाकावर माशी बसलेली मला चालत नाही, मग पखवाजावर कशी चालेल? पण मंडळातल्या सगळ्यांचं मत पडलं की दोष पुडीचाच, म्हणजे उजव्या बाजूच्या कातड्याचा. शेवटी मी नालासोपाऱ्याच्या कारागिराकडे जाऊन कोरी करकरीत पुडी चढवून आणली. तो म्हणाला, जुनीही चांगली होती, पण घ्या. आता मागे वळून बघताना मला हसूही येतं आणि अंगावर काटाही येतो. बाबांच्या काळजाकडची वाट बुजत चालली होती आणि आम्ही सगळे शहाणे मिळून पखवाजाचं कातडं बदलत होतो. असली चूक भजनी मंडळच करू जाणे.

नवी पुडी घालूनही बाबांनी काळी तीनच मागितली. वर त्यांनी आणखी एक गोष्ट सुरू केली होती, अभंगाच्या ओळी कोरसला वाटायच्या. आधी ज्या ओळी ते एकट्याने खेचायचे, त्या आता अर्ध्यावर सोडून हात करायचे, आणि मागचे पुढे म्हणायचे. काका म्हणाले, बुवा उदार झाले.

उदार तर ते दुसरीकडेही झाले होते. मी एका दुपारी घरी गेले तेव्हा आई खुशीत होती. "ह्या माणसाक बोलूक शिकवल्यान त्या स्प्रिंगेन," ती म्हणाली. "जल्मात कोणाशी दोन शब्द बोलले नाय. आता दुसऱ्या माळ्यावर उभे ऱ्हवान त्या म्हातारेची चौकशी करतत. तिसऱ्यावर पोरांका इचारतत, शाळा कशी आसा म्हणान." आईला नवऱ्याचा हा नवा गुण फार आवडला होता. तिने शेजारणींना सांगितलाही होता.

मला ते खटकलं. माझे वडील जिन्यात कुणाशी बोलणारे नव्हेत. दुसऱ्या मजल्यावर थांबतात, तिसऱ्यावर थांबतात. थांबायला कारण लागतं, म्हणून बोलतात.

बाबा आंघोळीला गेले होते. मी कपाटावरची पेटी खाली काढली, भाता सोडला आणि काळी चार दाबली. इतका स्वच्छ, भरलेला सूर आला की आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "खणखणीत वाजता मगे? खराब झाली म्हणत होते ना?" मी परत दाबली. पेटीला काहीही झालेलं नव्हतं. पखवाजालाही झालेलं नव्हतं. मी गणिताची मास्तरीण आहे, दोन गोष्टी बाद झाल्या की तिसरी उरते हे मला कळतं.

बाबा बाहेर आले तेव्हा मी पेटीपाशीच होते. "पेटी चांगली आहे, बाबा."

"माज्या पेटयेक हात लावलंस?"

"लावला. छातीत दुखतं का तुमच्या?"

"दुखना नाय," ते म्हणाले, आणि त्यांनी ते माझ्या डोळ्यांत बघून म्हटलं. "तू पखवाजी. बुवा सांगता ती पट्टी लावायची. डॉक्टरकी करू नको."

माझे बाबा खोटं बोलत नाहीत. म्हणून मी पेटी परत कपाटावर ठेवून निघाले. घरी येऊन मात्र मला चैन पडेना. पालथ्या घड्यावर पाणी ओतायला मी नेहमीच तयार असते, पण तो घडा ओला होत नाही याचा राग मला जास्त येतो.

पुढच्या रविवारी सगळे जमले. गणपती महिन्यावर आले होते, म्हणून गजराची तालीम होती. गजर म्हणजे भजनाचा कळस. लय चढत जाते, झांजा चढतात, बुवा वरचा सा गाठतो आणि पखवाजाला मागे वळून बघायला वेळ नसतो. बाबांनी काळी तीनवर सुरू केलं. मी ठेका धरला. लय वाढली तशी मी त्यांच्याकडे बघत राहिले, कारण त्या दिवशी मी तेवढ्यासाठीच आले होते. कपाळावर घाम होता. वरचा सा आला तेव्हा त्यांनी भात्यावरचा डावा हात काढला आणि जबडा चोळला. पेटीचा आवाज क्षणभर मेला. कोरसने ओळ उचलली, कुणाला काही कळलं नाही. त्यांनी हात परत भात्यावर नेला, आणि पुन्हा काढला.

बुवा पडलो तरी ठेको पडता नये, असं झांजवाल्या काकांनी मला लहानपणी शिकवलं होतं. आयुष्यात तो नियम मी कधी मोडला नाही. त्या दिवशी मी दोन्ही हात पखवाजावरून उचलले.

झांजा थोडा वेळ तशाच वाजल्या, मग थांबल्या. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"हात कित्याक उचललंस?" बाबांनी विचारलं.

"काळी चार कुठे गेली ते सांगा, मग ठेका धरते."

"पेटी..."

"पेटी ठीक आहे. मी वाजवून बघितली. पखवाज ठीक आहे, त्याला नवी पुडी घातली, तीही ठीक आहे. आता उरलं कोण?"

"चेडवा, बुवांशी असा बोलतत?" काका म्हणाले. पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. तेही बाबांकडे बघत होते.

बाबांनी भाता बंद केला, कडी लावली. मला वाटलं, आता हे उठून जातील आणि मग मला काहीच करता येणार नाही. ते उठले नाहीत. "दुखना नाय," ते सावकाश म्हणाले. "आवळता. हयसून हयपर्यंत." त्यांनी छातीच्या मध्यावर बोट ठेवलं आणि ते जबड्यापर्यंत नेलं. "वरचो सा लावलो की आवळता. जिनो चढलंय की आवळता. थांबलंय की जाता."

"मग सांगितलं का नाही?"

"काय सांगू? स्प्रिंग एकदा घातल्यानी. ती फुकट गेली म्हणजे दुसऱ्यांदा थोडीच घालतत? छाती फाडतले. मगे ह्यो गळो खंयचो ऱ्हवतलो?" त्यांनी मान खाली घातली. "म्हटलंय, ह्ये गणपती होवंदेत. काळी तीन तर काळी तीन. एकदा गातंय आणि मगे काय ता होवंदे."

मला त्यांचा इतका राग आला, आणि इतकी माया आली, की दोन्ही एकदम बाहेर पडलं. "बाबा, गळा राहील की जाईल मला माहीत नाही. पण तुम्ही गेलात तर मी कुणाच्या पट्टीत पखवाज लावू?" एवढं बोलून मी सगळ्यांसमोर रडले. पखवाजावरची कणीक माझ्या हाताला लागलेली होती, ती तशीच डोळ्यांना लागली.

काकांनी झांजा खाली ठेवल्या. "रिक्षा घेवन येतंय," म्हणाले आणि गेले.

वसईचं तेच हॉस्पिटल. या वेळी डॉक्टर दुसऱ्या होत्या, वसईच्या एका जुन्या ख्रिस्ती वाडीवाल्या घरातल्या, चुणचुणीत बाई. बाबांना त्यांनी लगेच दाखल करून घेतलं, आणि मग मला विचारलं, "त्रास कधीपासून आहे?"

बाबांनी 'चार दिवस' म्हणायला तोंड उघडलं. मी त्यांना बोलूच दिलं नाही. सांगितलं, आषाढाच्या सुरुवातीला काळी चार सोडून पांढरी पाचवर आले, दोन-तीन तालमींनी काळी तीनवर, आणि गेल्या आठवड्यापासून काळी तीनवरही वरचा सा कोरसला देतात. सांगताना मलाच वाटलं, ही बाई मला वेड्यात काढणार.

त्या लिहिता लिहिता थांबल्या. "आमच्या वडिलांचा बँड आहे," त्या म्हणाल्या. "चर्चच्या सणाला ट्रम्पेट वाजवतात. वाजवणारा माणूस दम लपवायला काय काय करतो, ते मी घरी बघत आलेय. पट्टी खाली, आणि नाव हवेचं." मग बाबांकडे वळून म्हणाल्या, "तुमच्या मुलीने सांगितलं तितकं नेमकं मला पेशंट सुद्धा सांगत नाहीत." बाबांनी छताकडे बघितलं. पण त्यांच्या ओठाचा कोपरा हलला, तो मी पाहिला.

दुसऱ्या दिवशी परत मनगटातून नळी गेली. मग डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावून पडद्यावर दाखवलं. स्प्रिंग जिथल्या तिथे होती, पण तिच्या आतून जाणारी रक्ताची धार एका जागी सुतासारखी बारीक झाली होती. आईने विचारलं, स्प्रिंग तुटली का?

"तुटली नाही, सरकलीही नाही," डॉक्टर म्हणाल्या. स्प्रिंग म्हणजे जाळीची नळी. ती बसली की आतून तिच्यावर पातळ कातडीसारखा थर येतो, आणि तो यायलाच हवा, ती जखम भरण्याचीच रीत आहे. पण काही जणांत, विशेषतः मधुमेह असला तर, तो थर गरजेपेक्षा जाड होतो आणि रस्ता आतून परत अरुंद होतो. हे गाण्यामुळे झालेलं नाही, असंही त्यांनी आपणहून सांगितलं. बाबांनी न विचारलेला प्रश्न त्यांनी बरोबर ओळखला होता.

बाबा पडल्या पडल्या ऐकत होते. "म्हणजे जखम भरूक सांगितली, तर माज्या अंगान भिंतच बांधल्यान," ते म्हणाले.

"अगदी तसंच."

"माजाच अंग ता. सांगल्यापरास जास्ती काम करतला." आणि मग त्यांनी खरा प्रश्न विचारला, बारीक आवाजात, जसा मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "छाती फाडूची लागतली?"

"नाही. या वेळेला औषध लावलेला फुगा आत नेऊन फुगवायचा आणि काढून घ्यायचा. नवी स्प्रिंगही नको. पण हे पुन्हा होणारच नाही असं मी लिहून देणार नाही. साखर आटोक्यात ठेवा, गोळ्या चुकवू नका, आणि आवळलं की त्याच दिवशी मला सांगा. तुम्हाला लाज वाटली तर मुलीला सांगू द्या."

त्या बाहेर गेल्या. आईने त्यांच्या उशीखाली हात घालून बघितला. तिथे काही नव्हतं. "हॉस्पिटलात कोण सुकेळी आणतला?" बाबा चिडले, आणि त्या चिडण्यावरून मला कळलं की माणूस ठिकाणावर आला.

फुगा झाला. रक्ताची धार परत रुंद वाहायला लागली, ते मला दाखवलं तेव्हा मी डॉक्टरांसमोर टाळी वाजवली. घरी आल्यावर बाबांनी मनगट कुणाला दाखवलं नाही. जिना सावकाश चढायला लागले, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या म्हातारीशी बोलायचं मात्र त्यांनी सोडलं नाही. आई म्हणाली, आता सवय लागली. गणपतीच्या आधी डॉक्टरांनी त्यांना सरकत्या पट्ट्यावर चालवून बघितलं. आवळलं नाही. गा म्हणाल्या, पण गळा ताणायची पैज लावू नका.

तरी माझ्या जिवाला घोर होता. रीत अशी, की बैठकीत बुवा पेटीवर सूर देतो आणि पखवाजी त्याला जुळवून घेतो. बाबा काळी चार मागणार हे मला दिसत होतं. मागे बोलणारे काका होते, समोर अख्खी बिल्डिंग होती, आणि त्या माणसासाठी ती पट्टी म्हणजे इज्जत होती. 'नको' म्हणायचं तर सगळ्यांच्या देखत त्यांना खाली ओढायचं. 'हो' म्हणायचं तर माझ्याच हाताने त्यांना परत त्या त्रासात ढकलायचं. मी सकाळी घरीच पखवाज घेऊन बसले, हातोडीने बराच वेळ ठोकत राहिले, आणि शेवटी पांढरी पाचला लावून ठेवला. भांडण होईल तर होईल, म्हटलं.

संध्याकाळी तळमजल्यावरच्या घरात आमची पहिली बैठक होती. गणपतीसमोर सतरंजी, भिंतीपर्यंत माणसं. आईने कणकेचा गोळा आणून माझ्या मांडीशी ठेवला. बाबांनी पेटी उघडली, भाता सोडला. सगळे सुराची वाट बघत होते. बाबांनी पेटीवर बोट ठेवलंच नाही. ते माझ्याकडे वळले.

"पखवाजी, सूर खंयचो आसा?"

आमच्या मंडळात असं कधी घडलेलं नाही. बुवा सूर विचारत नाही, सांगतो. काकांच्या हातातल्या झांजा एकमेकींना लागून किणकिणल्या. मी पखवाजाच्या उजव्या पुडीवरच्या काळ्या शाईवर एक थाप दिली. बाबांनी डोळे मिटून ती ऐकली, पेटीवर बोट नेलं आणि बरोबर पांढरी पाचवर ठेवलं. सूर जुळला.

"बुवा," काकांना शेवटी राहवलं नाही, "पट्टी उतरली?"

बाबांनी माईक जवळ ओढला, म्हणजे सगळ्यांना ऐकू जावं. "काळी चार माजी होती," ते म्हणाले. "ह्यी पांढरी पाच माज्या चेडवाची. हिका कोण उतरली म्हणात तर माज्याशी गाठ आसा."

काका हसले, लोक हसले, आणि आई दाराशी उभी राहून पदराने डोळे पुसत होती. बाबांनी नमन सुरू केलं. आवाज मोकळा होता, घाम नव्हता, दोन्ही हात पेटीवर होते. मी कणीक नीट दाबून बसवली आणि ठेका धरला, आणि माझी पहिलीच थाप जरा जास्त जोरात पडली.